मान का वळत नाही, एवढं तरी सांगा

सुरक्षा कॅमेरे आणि रेकॉर्डर बनवणाऱ्या, त्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सर्व कंपन्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कऱ्हाडची. वडील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, त्यांच्याच दुकानात बसून गेली सोळा वर्षं मी सीसीटीव्हीची कामं करते. आसपासच्या ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, दूध डेअऱ्या, बाजार समितीचे गाळे हे माझं गिऱ्हाईक. हे पत्र कोणा एका कंपनीला नाही. ज्या कंपनीच्या मालामुळे आज लिहायला बसले तिचं नाव मी घेणार नाही, कारण गेल्या काही वर्षांत हाच अनुभव मला वेगवेगळ्या चार कंपन्यांच्या मालाने दिला आहे. तुमच्यातल्या प्रत्येकाने ते आपल्यासाठीच आहे असं समजून वाचावं, ही विनंती.

गोष्ट यंदाच्या चैत्रातली. कृष्णाकाठच्या एका गावाची यात्रा दोन दिवसांवर आली होती. सकाळी सकाळी ग्रामपंचायतीच्या शिपाईमामांचा फोन आला. म्हणाले, "ताई, घाटावरचा कॅमेरा दिसतोय, पण ऐकत नाही."

त्या घाटावर नऊ मीटरच्या पोलवर एक फिरता डोम आहे, म्हणजे कार्यालयातून बटणांनी मान वळवता येणारा गोल कॅमेरा. गावाने वर्गणी काढून बसवलेला. त्याला मी चार जागा शिकवून ठेवल्या आहेत, त्यांना प्रीसेट म्हणतात. एक नंबर दाबला की घाटाच्या पायऱ्या, दोनला देवळाचं दार, तीनला गाड्या लावायचं मैदान आणि चारला डोह. चैत्रात नदी आटलेली असते, पायऱ्यांशी जेमतेम गुडघाभर पाणी, पण वडाखालचा डोह बारमाही खोल. दोन वर्षांपूर्वी यात्रेच्या दिवशी शिपाईमामांनी चार नंबर दाबला आणि त्यांना डोहाच्या काठावर कपडे काढून ठेवणारी तीन पोरं दिसली. देवळाच्या स्पीकरवरून हाक गेली, दोन पट्टीचे पोहणारे धावले, पोरांना बखोटीला धरून बाहेर आणलं. तेव्हापासून यात्रेच्या दिवशी दर पाच मिनिटांनी चार नंबर दाबायचा, असा त्या कार्यालयाचा नेमच आहे.

मी पोचले तेव्हा पडद्यावरचं चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. कठड्यावर वाळत टाकलेल्या सतरंजीची किनारसुद्धा ओळखू येत होती. डावा बाण दाबला. काही नाही. उजवा दाबला. काही नाही. झूम, प्रीसेट चार, परत डावा. बटण दाबलं की निळं होतं आणि सोडलं की पुन्हा राखाडी. पडद्यावर चुकीचा निरोप नाही, सूचना नाही, साधी लाल खूणसुद्धा नाही. कॅमेरा तीन नंबरवर, म्हणजे मैदानाकडे तोंड करून बसला होता, आणि डोह त्याच्या पाठीमागे.

मामांनी सांगितलं की कार्यालयात नवा राउटर बसला तेव्हा मी नसताना कोणीतरी रेकॉर्डरची केबलही त्यात लावली. रेकॉर्डरला पहिल्यांदाच इंटरनेट मिळालं, आणि तीन दिवसांपूर्वी पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. खाली दोन बटणं. त्यांनी त्यातलं एक दाबलं, दहा मिनिटं पडदा काळा झाला, मग चित्रं परत आली. "मी काही बिघडवलं का हो ताई?" हे त्यांनी मला त्या दिवसात पाच वेळा विचारलं. ते हाताने कपाटाच्या कडा दाबत विचारायचे, आणि मला दर वेळी वाईट वाटायचं. त्यांनी काही बिघडवलं नव्हतं. तुम्ही विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं, एवढंच.

मी पहिलं काम केलं ते कॅमेऱ्याचा वीजपुरवठा बंद करून चालू करण्याचं, आणि चालू करताना मामांना पोलखाली उभं करून वर बघायला सांगितलं. फिरता डोम जागा होताना आपली मान स्वतःच फिरवून बघतो. आडवा पूर्ण फेरा घेतो, मग खाली-वर होतो, आणि ठरलेल्या जागी येऊन थांबतो. मामा खालून ओरडले, "फिरला! फिरला!" त्या एका फेऱ्याने अर्धं दुखणं बाद झालं. मोटर जिवंत, दाते शाबूत, वीज पुरेशी. (वीज हा वेगळा विषय आहे, पण इथे सांगून ठेवते. कॅमेऱ्याला नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते, त्याला पीओई म्हणतात. साध्या पीओई पोर्टातून १५.४ वॅट निघतात आणि केबलच्या टोकाला त्यातले जेमतेम १३ पोचतात. मोठ्या डोमला पीओई प्लसचे ३० वॅट लागतात. कमी पडले तर चित्र येतं, पण मोटर आणि रात्रीचा इन्फ्रारेड एकदम चालू झाले की डोम मान टाकतो. इथे तसं नव्हतं.) म्हणजे कॅमेरा फिरू शकत होता, फक्त आमच्या सांगण्यावरून फिरत नव्हता.

मग तुमच्यापैकी एका कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "चित्र येतंय का?" मी म्हटलं येतंय. "मग कॅमेरा ओके आहे मॅडम, केबल चेक करा." मी सांगितलं की डोम सुरू होताना फिरतो, रेकॉर्डरचं सॉफ्टवेअर तीन दिवसांपूर्वी बदललं आहे, त्याआधी दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. तो म्हणाला, कॅमेऱ्याच्या टोकाचा कनेक्टर नव्याने क्रिंप केल्याशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही. त्याच्यासमोर एक यादी असणार आणि त्या यादीत पुढचा प्रश्न तोच असणार. त्या मुलावर माझा राग नाही.

पण त्या यादीपायी माझा मदतनीस, एकोणीस वर्षांचा पोरगा, भर दुपारी तापलेल्या पोलवर चढला. कनेक्टर कापला, नवा लावला. उतरताना चौथ्या खुंटीवरून पाय सटकला आणि नडगी सोलून निघाली. पट्टा होता म्हणून तेवढ्यावर भागलं. केबलला काही झालेलं नव्हतं, हे आम्हा दोघांना चढायच्या आधीच माहीत होतं. तुमच्या सॉफ्टवेअरने पडद्यावर एक ओळ दाखवली असती तर तो वर गेलाच नसता. या पत्राचं कारण ती एक ओळ आहे.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना हे माहीत आहे, पण मदत क्रमांकावर बसणाऱ्यांना आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना माहीत नसतं, म्हणून लिहिते. चित्र आणि आज्ञा एकाच केबलमधून जात असल्या तरी त्यांचे रस्ते वेगळे आहेत. चित्र येतं ते आरटीएसपी नावाच्या पद्धतीने, बहुधा ५५४ नंबरच्या पोर्टावरून (पोर्ट म्हणजे इथे यंत्रातलं नंबर दिलेलं दार), आणि त्याची ओळख पटवण्याची रीत स्वतःची. मान वळवण्याची आज्ञा जाते ऑनव्हिफच्या भाषेत, दुसऱ्या पोर्टावरून, दुसऱ्या रीतीने ओळख पटवून. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ सुरू केलं ते याचसाठी, की एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलू शकावा. माझ्यासारख्या गावाकडच्या तंत्रज्ञांवर त्याचे फार उपकार आहेत. त्या गावातही कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा आहे. तेव्हा चित्र येतंय यावरून आज्ञेच्या रस्त्याबद्दल काहीच कळत नाही. दार उघडं दिसतंय म्हणून घरात कोणी ओ देईलच असं नाही.

दुपारी मी दुसरा मार्ग धरला. माझ्या बॅगेत एक छोटा मॅनेज्ड स्विच असतो. त्यात एका पोर्टावरची ये-जा दुसऱ्या पोर्टावर जशीच्या तशी उतरवून घेता येते. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये तो बसवला, लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं आणि मामांना म्हटलं, डावा बाण दाबा. दाबला. पडद्यावर नेहमीसारखं काही नाही. पण लॅपटॉपवर ओळी सरसर उतरल्या. रेकॉर्डरकडून आज्ञा निघाली होती, "कंटिन्युअसमूव्ह", डावीकडे, अमुक वेगाने. आणि अर्ध्या सेकंदाच्या आत कॅमेऱ्याचं उत्तरही आलं होतं, "नॉटऑथराइज्ड". परवानगी नाही.

इथे मी हात जोडून तुमचं लक्ष मागते. कॅमेरा गप्प नव्हता. दर वेळी बाण दाबला की तो स्पष्ट शब्दांत सांगत होता, तुला मी ओळखत नाही. तीन दिवसांत मामांनी शंभरदा बाण दाबला असेल, कॅमेऱ्याने शंभरदा उत्तर दिलं असेल, आणि रेकॉर्डरने ते सगळे निरोप गिळून टाकले. बटण निळं होऊन राखाडी झालं. ज्याला आज्ञा द्यायची त्या माणसापर्यंत यातलं अक्षरही पोचलं नाही.

पासवर्ड तर बरोबर होता, तोच चित्रालाही चालत होता. मग परवानगी का नाही? ऑनव्हिफमध्ये आज्ञेसोबत पासवर्ड उघडा पाठवत नाहीत. पासवर्ड, दर वेळी नवा घेतलेला एक संकेत आणि त्या क्षणाची वेळ यांचा मिळून एक ठसा काढतात, आणि संकेत व वेळ त्या ठशासोबत जातात. कोणी वाटेत ती आज्ञा टिपून तासाभराने पुन्हा पाठवली तर कॅमेऱ्याने ती नाकारावी, म्हणून वेळ. व्यवस्था चांगलीच आहे. पण त्यामुळे दोघांची घड्याळं जुळावी लागतात. मी आज्ञेतली वेळ पाहिली, ०९:१२. जागतिक वेळेप्रमाणे ती अगदी बरोबर होती, कारण कार्यालयातल्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा पावणेतीनला तीन मिनिटं कमी होती. मग लॅपटॉपवरून कॅमेऱ्यालाच विचारलं, तुझ्याकडे जागतिक वेळ किती? तो म्हणाला, १४:४२. बरोबर साडेपाच तासांचा फरक. कॅमेऱ्याच्या लेखी आमची प्रत्येक आज्ञा साडेपाच तास शिळी होती.

आणि ही चूक माझी होती, ती इथे लिहिलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी कॅमेरा बसवताना मी त्याच्यात तारीख आणि वेळ हाताने भरली, आपल्या घड्याळाप्रमाणे. टाइम झोन मात्र शून्यावरच राहिला. कॅमेऱ्याच्या पानावर वेळ बरोबर दिसत होती, रेकॉर्डिंगवरची वेळ रेकॉर्डर छापत होता, त्यामुळे दोन वर्षांत कोणाच्याच लक्षात आलं नाही. टाइम झोन अधिक ५:३० केला, दोघांना एकाच टाइम सर्व्हरला बांधलं, मामांना म्हटलं दाबा आता. डोमने डावीकडे मान वळवली. मामांनी लगेच चार नंबर दाबला, आणि डोह समोर आला. पाण्यावर वडाची पानं तरंगत होती.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुमची, मग पत्र आम्हाला का? कारण तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरने ती चूक दोन वर्षं सांभाळून घेतली होती. ऑनव्हिफमध्ये यासाठी तोडगा आधीपासून आहे. कॅमेऱ्याला त्याची वेळ विचारायला ओळख पटवावी लागत नाही. पासवर्डाशिवाय कोणीही विचारावं आणि त्याने सांगावं, असाच नियम आहे. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर आधी कॅमेऱ्याची वेळ विचारतं, आपल्या वेळेशी फरक काढतं आणि ठसा कॅमेऱ्याच्या वेळेने काढतं. जुनी आवृत्ती हेच करत असणार, नाहीतर ते दोन वर्षं चाललंच नसतं. नव्या आवृत्तीत रेकॉर्डर ही वेळ विचारतच नव्हता. सुरू होण्यापासूनची सगळी ये-जा मी तपासली, तो प्रश्न त्यात कुठेच नव्हता. का काढलं हे तुम्हाला ठाऊक. कदाचित कोणाला वाटलं असेल की घड्याळ जुळवून घेणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे. असेलही. पण मग तसं सांगा. अपडेटच्या चौकटीत एक वाक्य, "या आवृत्तीनंतर कॅमेऱ्याची वेळ आणि रेकॉर्डरची वेळ जुळली नाही तर फिरत्या कॅमेऱ्याची बटणं चालणार नाहीत." मी ते वाचलं असतं तर आधी घड्याळ बघितलं असतं आणि पोरगा पोलवर चढला नसता.

मी नव्या गोष्टींच्या विरोधात नाही. मी या धंद्यात आले तेव्हा डोमला चित्राची कोॲक्स केबल वेगळी आणि आज्ञेसाठी आरएस-४८५ची पिळलेली दोन तारांची जोडी वेगळी असायची. बाराशे मीटरपर्यंत ती जोडी न्यावी, शेवटच्या डोमवर १२० ओहमचा रोधक टाकावा, डोमच्या पोटातल्या डिप स्विचने, म्हणजे बारीक खटक्यांनी, पत्ता आणि बॉडरेट (आज्ञा पाठवायचा वेग) ठरवावा. भाषा पेल्को-डी. सात आकड्यांची एक आज्ञा. पहिला नेहमी एफएफ, दुसरा कॅमेऱ्याचा पत्ता, मग दोन आकडे काय करायचं त्याचे, दोन वेगाचे आणि शेवटचा बेरजेचा ताळा. एक नंबरच्या डोमला उजवीकडे वळवायचं तर एफएफ ०१ ०० ०२ २० ०० २३. मला अजून पाठ आहे. तेव्हाही डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डरचं, सॉफ्टवेअर बदललं की डोम ऐकेनासा व्हायचा. बहुतेक वेळा कारण एकच असायचं. अपडेटने सेटिंग कारखान्यातल्यासारखं करून टाकलेलं, २४००चा बॉडरेट ९६०० झालेला, नाहीतर पेल्को-डीच्या जागी पेल्को-पी आलेला. पेल्को-पीमध्ये तारेवर पत्ता शून्यापासून मोजतात, त्यामुळे कधीकधी एक नंबर दाबला की शेजारचाच डोम फिरायचा. पण तेव्हा मल्टिमीटरच्या दोन पिना ए आणि बी या दोन तारांवर टेकवल्या आणि बटण दाबलं की आकडा थरथरायचा. आज्ञा निघाली की नाही हे वीस रुपयांच्या पिनांनी कळायचं. आमच्याकडे ती जोडणी एकमार्गीच वापरली जायची, डोमकडून उत्तर येत नसे, म्हणून त्याच्या मौनाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. आता उत्तर येतं. येऊनही आम्हाला दाखवलं जात नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी, एका बाजार समितीच्या आवारात, याच्या उलट झालं. तिथे कॅमेऱ्याचंच फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं होतं. बटणं चालत होती, डोम वळत होता, पण पाच-सात सेकंदांत आपणहून दुसरीकडे निघून जायचा. वॉचमनला वाटलं कोणीतरी बाहेरून कॅमेरा चालवतंय. समितीने घाबरून सगळी यंत्रणाच बंद केली आणि मला बोलावलं. नव्या फर्मवेअरमध्ये माणूस दिसला की त्याच्या मागे मान फिरवण्याची सोय आली होती आणि ती आपोआप चालू झाली होती. आवारात पहाटेपासून हमाल, तोलाईवाले, शेतकरी यांची वर्दळ. डोम बिचारा प्रत्येकाच्या मागे जात होता. सोय उत्तम आहे, रात्री रिकाम्या आवारात मी ती मुद्दाम चालू ठेवते. पण हाताने चालवणाऱ्याच्या आज्ञेवर तिची आज्ञा वरचढ झाली आहे, हे पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं तर पाऊण दिवस ते आवार कॅमेऱ्याविना राहिलं नसतं.

एका शाळेत तर यंत्रणेतलं काहीच बदललं नव्हतं, बदलला होता मुख्याध्यापकांचा संगणक. कॅमेऱ्याचं पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ॲक्टिव्हएक्स नावाच्या जोड-सॉफ्टवेअरच्या आधारावर चालायचं, आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरची साथ सोडली. नव्या ब्राउझरमध्ये पान उघडायचं, बाण दिसायचे, पण त्यांच्यामागे कोणी नसायचं. ती वेळ येणार हे सगळ्यांना कितीतरी आधीपासून दिसत होतं, तरी त्या कॅमेऱ्याला नवं पान कधी मिळालंच नाही.

मला माहीत आहे, तुमच्यावरही दडपण आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि ते घेता आले कारण कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. त्यात आम्हा बसवणाऱ्यांचाही वाटा होता. आता आपल्या सरकारने २०२४ च्या एप्रिलमध्ये सीसीटीव्हीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून ते लागूही झाले. पासवर्ड बदलायला लावणं, न लागणारी दारं बंद ठेवणं हे सगळं योग्यच आहे, मी गिऱ्हाइकांना तेच समजावत असते. कॅमेऱ्यात ऑनव्हिफ मुळात बंद ठेवायचं आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवायला लावायचं, यालाही माझी ना नाही. पण चालू असलेल्या कॅमेऱ्यात अपडेटनंतर ऑनव्हिफ मुकाट्याने बंद करणं, जुना वापरकर्ता पुसणं आणि त्याबद्दल चकार शब्द न काढणं, याला सुरक्षा म्हणवत नाही. घाटाकडे पाठ करून बसलेला कॅमेरा चोरापासून सुरक्षित असेल, पण गावाच्या काय उपयोगाचा?

म्हणून माझं मागणं आहे. आज्ञा नाकारली गेली तर पडद्यावर दाखवा, आणि का नाकारली तेही दाखवा. ओळख पटली नाही, वेळ जुळत नाही, दुसरा कोणी चालवतोय, कॅमेऱ्याकडून उत्तरच नाही. ही चार वाक्यं मराठीत आणि हिंदीत लिहायला तुम्हाला किती वेळ लागेल? तुमच्या रेकॉर्डरमध्ये भाषांची लांबलचक यादी असते. तिच्यात मराठी मला अजून तरी भेटलेली नाही, आणि या भागात रेकॉर्डरसमोर बसतो तो शिपाई, वॉचमन, नाहीतर सरपंचांचा पुतण्या.

अपडेट विचारताना काय बदलणार ते विचारण्याच्या आधी सांगा, आणि ज्यांच्याकडे फिरते कॅमेरे आहेत त्यांना ते ठळक सांगा. फिरता कॅमेरा जोडलेला आहे हे रेकॉर्डरला ठाऊकच असतं. अपडेट संपल्यावर रेकॉर्डरने स्वतःच प्रत्येक फिरत्या कॅमेऱ्याला थोडी मान वळवायला सांगावं, आणि नाही वळली तर चौकट दाखवावी. चित्र आलं की अपडेट यशस्वी, असं धरून चालू नका. जुन्या आवृत्तीवर परत जायची वाट ठेवा. सुरक्षेसाठी ती कायमची ठेवता येत नसेल तर निदान आठ दिवस ठेवा. यात्रा, बाजार, मतमोजणी, परीक्षा असे दिवस पार पडेपर्यंत.

आणि नोंदवही उघडी करा. मला वायरशार्क येतं म्हणून दुपारपर्यंत निभावलं. माझ्याच भागात चांगले हात असलेली कितीतरी पोरं आहेत, ज्यांना ते येत नाही. ती कॅमेरा काढून नवा बसवतात, कारण दुखणं कुठे आहे ते सापडत नाही. ज्या गावाने वर्गणीतून डोम घेतला त्याला साडेपाच तासांच्या फरकापायी नवा डोम घ्यायला लागावा, हे मला बघवत नाही. रेकॉर्डरच्या आत त्या नकारांची नोंद होतच असणार. ती बघायला नोंदणीकृत भागीदार असण्याची अट कशाला? यंत्र ज्याचं आहे त्याला त्याच्या यंत्राची नोंद वाचता यावी.

मदत क्रमांकावरच्या यादीत पहिला प्रश्न बदला. "चित्र येतंय का?" याच्या आधी विचारा, "सुरू होताना डोम स्वतःहून फिरतो का?" आणि लगेच पुढे, "अलीकडे कोणतं सॉफ्टवेअर बदललं?" फिरतो आणि बदललं, अशी दोन्ही उत्तरं आली तर कृपा करून कोणालाही पोलवर चढवू नका.

पत्र उघडं आहे, म्हणून यंत्रणा सांभाळणाऱ्या गावकऱ्यांना आणि सोसायट्यांनाही दोन शब्द. यात्रेच्या, गणपतीच्या तोंडावर अपडेटला हो म्हणू नका, सुरक्षेची निकड नसेल तर चार दिवस थांबा, पण कायमचं टाळूही नका. हो म्हणण्याआधी रेकॉर्डरची सेटिंग्ज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि फिरत्या कॅमेऱ्याच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. पोर्ट, वापरकर्ता, प्रोटोकॉल, टाइम झोन, प्रीसेटचे नंबर सगळं त्यात यावं. आणि अपडेटनंतर चित्र बघून उठू नका, एकेक बाण दाबून बघा. बटण दाबणाऱ्या माणसाला मात्र बोल लावू नका.

त्या दिवशी पकडलेली सगळी ये-जा, म्हणजे आज्ञा, नकार, दोन्हीकडच्या वेळा, माझ्याकडे जपून ठेवली आहे. पासवर्डाचे ठसे काढून ती मी तुमच्यापैकी कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागाला द्यायला तयार आहे, मोबदल्याशिवाय. हवं तर तुमचा माणूस इकडे पाठवा. त्याला मामांच्या खुर्चीत बसवते, डोह दाखवते आणि त्याच पोलखाली उभं राहून डोम फिरताना बघू देते.

यात्रा नीट पार पडली. मामांनी दोन दिवस दर पाच मिनिटांनी चार नंबर दाबला. मधूनच मला फोन करून सांगत होते, "वळतोय हो ताई." माझ्या मदतनिसाची नडगी आता बरी आहे, पण पोलवर चढायचं म्हटलं की तो अजून आधी विचारतो, "खरंच चढायचंय का?"

कळावे.

आपली,
कऱ्हाडची एक सीसीटीव्ही तंत्रज्ञ